आरमारी कोळशाची वखार: आखणी आणि अंदाजपत्रक, एडनचं उदाहरण धरून

एडन म्हटलं की मराठी माणसाला वासुदेव बळवंत फडके आठवतात. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी त्यांनी तिथेच, कैदेत देह ठेवला. त्यांना एडनलाच का नेलं, याचं एक साधं कारण म्हणजे एडन तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. १८३९ च्या जानेवारीत कॅप्टन हेन्सने ते घेतलं तेव्हापासून १९३२ पर्यंत तिथला कारभार मुंबईकडे होता. त्या उजाड, पाण्याची वानवा असलेल्या खडकाचं मुंबई सरकारला एवढं अप्रूप होतं ते बंदरासाठी आणि कोळशासाठी. मुंबईहून सुवेझला निघालेल्या आगबोटीला वाटेत कुठेतरी कोळसा मिळायलाच हवा होता.

मी बांधकाम खात्यात आयुष्यभर अंदाजपत्रकं केली. निवृत्तीनंतर जुन्या बंदरांचा नाद लागला. आता कोणी प्रबंधासाठी, कोणी कादंबरीसाठी, तर कोणी नुसतं मॉडेल करायचं म्हणून विचारायला येतं: त्या काळातली आरमारी कोळशाची वखार कशी असेल, खर्च किती आला असेल? येताना बहुतेकांनी शेडचं चित्र काढून आणलेलं असतं. छप्पर, कमानी, दगडी भिंती, सगळं देखणं. मी ते चित्र बाजूला ठेवायला सांगतो. शेड सर्वात शेवटी येते आणि खर्चातही तिचा वाटा फार थोडा असतो. पैसा जातो तो कोळसा हलवण्यात आणि हलवताना वाया जाण्यात.

सरावासाठी आपण १८४५ सालचं एडन धरू. खाली खप आणि रुपये-आण्यांचे जे आकडे येतील ते रीत समजावी म्हणून मी धरलेले आहेत. तुमच्या अभ्यासात तिथे दप्तरातले खरे आकडे घाला.

पहिली पायरी: जहाज किती खातं?

सुरुवात ‘ह्यू लिंडसे’पासून करा. मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली ४११ टनांची आगबोट, ८० अश्वशक्तीची दोन इंजिनं. २० मार्च १८३० ला ती मुंबईहून सुवेझकडे निघाली. तिच्या पोटात सुमारे साडेपाच दिवसांचाच कोळसा मावायचा आणि एडन तर अकरा दिवसांवर. मग डेकवर, राहायच्या खोल्यांत, जागा दिसेल तिथे कोळसा भरला आणि बोट पाण्यात नको तेवढी खाली बसली. एडनला पोचली तेव्हा जेमतेम सहा तासांचा कोळसा शिल्लक होता.

आता हिशेब. त्या काळची इंजिनं एका अश्वशक्तीला तासाला ८ ते १० पौंड कोळसा खात. ९ धरा. १६० गुणिले ९ गुणिले २४ म्हणजे दिवसाला ३४,५६० पौंड. टन इंग्रजी, २,२४० पौंडांचा. म्हणजे दिवसाला सुमारे १५ टन आणि अकरा दिवसांना १७० टन. भरताना सांडलवंड धरून एका खेपेला १८० टन लिहा.

हा ९ चा आकडा काळानुसार बदलायला विसरू नका. १८७० च्या आसपास कंपाउंड इंजिनं (तीच वाफ दोनदा वापरणारी) रुळली आणि तोच आकडा २ ते अडीच पौंडांवर आला. दुसऱ्या बाजूने जहाजं मोठी झाली. ब्रिटिश लढाऊ जहाजंच घ्या: १८६० चं ‘वॉरियर’ सुमारे ८५० टन कोळसा घेई, तर १९०६ चं ‘ड्रेडनॉट’ जवळजवळ २,९०० टन. साल चुकलं की पुढचा सगळा कागद चुकला.

दुसरी पायरी: साठा किती ठेवायचा?

महिन्याचा खप असा मांडा. टपालाची बोट जाताना एकदा, येताना एकदा: ३६० टन. गस्तीची आगबोट महिन्यात दहा दिवस वाफेवर: १५० टन. पाहुण्या लढाऊ जहाजांसाठी २५० टन. लोहारभट्टी, वाफेची होडी वगैरे किरकोळ ४० टन. बेरीज ८००. पावसाळ्यात हा आकडा खाली येईल, कारण नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यापुढे त्या वेळच्या बोटींचं काही चालत नसे. आपले कोळी बांधव नारळी पौर्णिमेची वाट का बघतात हे ज्याला माहीत आहे, त्याला हे वेगळं सांगायला नको.

आता पाहा, संपलेला कोळसा परत यायला किती दिवस लागतात. कोळसा येणार वेल्समधून. त्या कोळशाला धूर कमी आणि उष्णता जास्त. मागणीचं पत्र विलायतेला पोचायला दीड महिना धरा, जहाज ठरवून भरायला एक, आणि शिडाच्या जहाजाला केप ऑफ गुड होपला वळसा घालून यायला चार. झाले साडेसहा महिने. ८०० टनांनी ५,२०० टन. एखादं जहाज बुडालं किंवा रखडलं तर म्हणून आणखी एका महिन्याचे ८००. एकूण ६,०००.

इथे हुशार विद्यार्थी अडवतो: वाटेवर असलेला कोळसाही आपलाच की, मग एवढा साठा कशाला? व्यापारी कंपनीसाठी त्याचं बरोबर आहे. आरमाराचं गणित मात्र वाईटात वाईट धरून करायचं असतं. आज शेवटचं जहाज पोचलं आणि मागची रांग तुटली, तर नव्याने केलेली मागणी येईपर्यंत वखार चालली पाहिजे.

हाच हिशेब १८७० नंतरचा करून बघा, गंमत कळेल. १७ नोव्हेंबर १८६९ ला सुवेझ कालवा उघडला आणि पुढच्याच वर्षी सुवेझ-एडन-मुंबई अशी समुद्राखालून तार पडली. पत्राचा दीड महिना गेला. वाफेचं मालवाहू जहाज तीन आठवड्यांत पोचू लागलं. भरण्याचे तीन आठवडे धरले तरी दीड महिना, म्हणजे १,२०० टन अधिक राखीव ८००. खप तोच धरला तर ६,००० ची वखार २,००० वर आली. प्रत्यक्षात कालव्यामुळे जहाजांची रीघ लागली आणि खप कितीतरी वाढला. पण जुन्या नकाशात एखादी वखार विनाकारण अवाढव्य वाटली, तर आधी ती तारेच्या आधीची की नंतरची ते बघा.

तिसरी पायरी: जागा

जागेबद्दल लोक फार लिहितात, मी थोडक्यात सांगतो. खोल पाणी, वाऱ्यापासून आडोसा, हमाल मिळण्याची सोय आणि आजूबाजूला तोफा ठेवायला उंचवटा. एडनच्या आधी सोकोत्रा बेटाचा विचार झाला होता. १८३५ मध्ये तिथे फौज उतरवली, पण तापाने माणसं पडली आणि नाद सोडावा लागला. तेव्हा नकाशावर अंतर मोजून थांबू नका, हवा-पाणीही बघा. एडनमध्येसुद्धा सीरा बेटाकडचा जुना धक्का मागे पडला आणि पश्चिमेकडच्या तवाहीच्या आडोशाला ‘स्टीमर पॉइंट’ वाढला.

तोफा आणि तटबंदी आपल्या अंदाजपत्रकात घेऊ नका. तो लष्कराचा हिशेब. १८७९ मध्ये लॉर्ड कार्नार्व्हनच्या अध्यक्षतेखाली शाही आयोग नेमला गेला तो साम्राज्यातली बंदरं आणि कोळशाची ठाणी राखायची कशी, खर्च कोणी उचलायचा, याच घोळासाठी. दोन खात्यांचा एकच खर्च दोनदा मांडलेला मी नव्या कागदांतही पाहिला आहे.

चौथी पायरी: ढीग

आता कुठे पट्टी हातात घ्या. एक टन वेल्श कोळशाला ४० ते ४५ घनफूट जागा लागते. ४३ धरा. ६,००० टनांना २,५८,००० घनफूट. आपल्या बांधकामाच्या भाषेत, शंभर घनफुटांचा एक ब्रास धरून, २,५८० ब्रास. वाळूवाल्या ट्रकने मनात आणायचं तर आकडा डोळ्यांसमोर राहत नाही, म्हणून क्षेत्रफळ काढा.

ढिगाची उंची ८ फूट ठेवली तर तळ ३२,२५० चौरस फूट. वाटा, गाडीचा रस्ता, चाळणीची जागा यांसाठी दीडपट करा: सुमारे ४८,४०० चौरस फूट. म्हणजे साडेचव्वेचाळीस गुंठे, एकराहून थोडं जास्त. जमिनीवर भार येतो चौरस फुटाला ४१७ पौंड. मुरमाड जमिनीला हे काहीच नाही, पण समुद्रात भर घालून केलेल्या जागेवर ती खचू शकते.

इथे कोणालाही मोह होतो की उंची १२ फूट करू, जागा वाचेल. दोन कारणांनी थांबा. एक भिंत. ढिगाचा भिंतीवरचा रेटा उंचीच्या वर्गाने वाढतो. ८ फुटांना भिंतीच्या धावत्या फुटावर साधारण ४५० पौंड, १२ फुटांना हजाराच्या वर. उंची दीडपट, रेटा सव्वादोनपट आणि भिंतीचं बांधकाम त्याच मानाने.

दुसरं कारण आग, आणि इथे थोडं थांबायला हवं. कोळसा आपोआप पेटतो. हवा लागली की तो हळूहळू गरम होतो. ती उष्णता उंच ढिगाच्या पोटातून बाहेर पडत नाही, साठत जाते. ताजा फुटलेला भुगा, ओल आणि गंधक-लोहाचे दगड असलेला कोळसा अधिक धोक्याचा. जहाजांवर हे इतकं व्हायला लागलं की १८७० च्या दशकात ब्रिटिश सरकारला त्यासाठी शाही आयोग नेमावा लागला.

मी नोकरीला लागलो त्या सुमारास एका कारखान्याच्या यार्डात ढिगातून वाफ निघत होती. सगळे म्हणत होते सकाळचं दव आहे. तिथल्या म्हाताऱ्या मुकादमाने अर्ध्या इंचाची लोखंडी सळई ढिगात कमरेइतकी खुपसली, बिडी ओढून संपवली आणि सळई बाहेर काढून माझ्या हातात दिली. मी ती टाकूनच दिली, इतकी पोळली. वर पाणी मारायला निघालेल्यांना त्याने थांबवलं. वरून मारलेलं पाणी पापुद्र्यावरून ओघळून जातं, आत पोचत नाही. ढीग उकरला, गरम कोळसा मोकळ्या जागेवर पसरला आणि मग विझवला. म्हणून आराखड्यात ढीग उकरून पसरायला रिकामी जागा हवीच. ती मी वरच्या दीडपटीत धरली आहे. हीच जागा नवखे सगळ्यात आधी खाऊन टाकतात.

बाकीचं असं: एकच मोठा ढीग न करता कप्पे करा, प्रत्येकी ५०० ते ६०० टनांचे. आपल्याला दहा-बारा कप्पे होतील. प्रत्येक कप्प्यावर पाटी, जहाजाचं नाव आणि उतरल्याची तारीख. आधी आलेला आधी बाहेर. ओला आणि कोरडा, जुना आणि नवा एकत्र टाकायचा नाही. लाकडी खांब ढिगात पुरायचे नाहीत.

पाचवी पायरी: किती हात लागतात?

अंदाजपत्रकाचा प्राण हाच. बांधकाम खात्यात आम्ही ‘लीड’ आणि ‘लिफ्ट’ म्हणतो: माल किती लांब न्यायचा आणि किती उंच चढवायचा. वखारीत याच्या जोडीला ‘हात’ मोजा. कोळशाचं जहाज नांगरून उभं आहे. तिथून पडावात, म्हणजे माल ने-आण करणाऱ्या होडीत, एक हात. पडावातून धक्क्यावर दुसरा. धक्क्यावरून ढिगावर तिसरा. बोट आली की ढिगातून पडावात चौथा, पडावातून बोटीवर पाचवा. प्रत्येक हाताला मजुरी लागते आणि प्रत्येक हाताला थोडा कोळसा फुटून त्याचा भुगा होतो.

आता माणसं. एका दिवसात, दहा तासांत ३०० टन पडावात भरायचे आहेत. तासाला ३० टन. टोपलीत अर्धा हंड्रेडवेट, म्हणजे ५६ पौंड, आपले पंचवीसेक किलो. एका टनाच्या ४० टोपल्या. तासाला १,२००, मिनिटाला २०. ढिगापासून धक्क्याच्या कडेपर्यंत जाऊन, टोपली रिती करून परत यायला तीन मिनिटं धरली तर एकाच वेळी ६० माणसं वाटेवर असतील. वर टोपल्या भरणारे, उचलून डोक्यावर देणारे, पडावात कोळसा सारखा करणारे. शंभर माणसं सहज. बोटीच्या कडेला दुसरी तुकडी वेगळीच. एडनच्या उन्हात दहा तास हा वेग टिकत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात पाळ्या लावाव्या लागतील.

ह्यू लिंडसेला एडनमध्ये दिवसच्या दिवस काढावे लागले ते यामुळेच. कोळसा आधीच पाठवून ठेवला होता, पण तो चढवायला माणसंच पुरेशी नव्हती. कोळसा असून बोट अडली. पुढे येमेनच्या डोंगरातले आणि सोमाली मजूर तिथे येऊन राहिले तेव्हा ते बंदर खऱ्या अर्थाने चाललं. त्यांच्या वस्तीचा, पाण्याचा आणि रेशनचा खर्च अंदाजपत्रकात नसेल तर तो कागद अपुरा आहे. आणि एक लक्षात ठेवा: धक्का जिथे खोल पाण्यापर्यंत नेता येतो तिथे पडाव लागत नाहीत, पाचांचे तीन हात होतात. धक्क्यावर केलेला खर्च परवडतो की नाही, हे या दोन वाचलेल्या हातांवरूनच ठरवायचं.

सहावी पायरी: एका टनाचा भाव

शेवटी कागदावर एकच आकडा हवा: बोटीच्या बंकरमध्ये, म्हणजे कोळशाच्या कोठारात, पडलेल्या एका टनाचा भाव. खाणीवरची किंमत, जहाजभाडं, विमा आणि पहिले तीन हात धरून ढिगावर पडलेला टन ३० रुपयांना पडला असं समजू. वर्षाचा खप ९,६०० टन.

घट ६ टक्के धरा. भुगा, समुद्रात सांडलेला, वाऱ्याने उडालेला, चोरीला गेलेला. इथे ३० चे ६ टक्के मिळवू नका, ३० ला ०.९४ ने भागा. कारण शंभर टन विकत घेऊन हातात चौऱ्याण्णवच येतात. ३१ रुपये साडेचौदा आणे. म्हणजे घटीचा बोजा टनामागे १ रुपया साडेचौदा आणे.

अडकलेला पैसा: वर्षभराचा सरासरी साठा ४,८०० टन, किंमत १,४४,००० रुपये, ५ टक्क्यांनी व्याज ७,२००. टनामागे १२ आणे.

शेड, भिंती, वाटा, धक्का मिळून भांडवली खर्च ४०,००० धरा. व्याज आणि डागडुजी मिळून ९ टक्के, ३,६०० रुपये. टनामागे ६ आणे.

कारकून, मुकादम, चौकीदार महिन्याला २००: टनामागे ४ आणे. शेवटचे दोन हात: १२ आणे.

बेरीज ३४ रुपये अर्धा आणा. ढिगापासून बोटीपर्यंत जी चार रुपयांची भर पडली त्यात जवळजवळ निम्मी घट आहे, आणि ज्या शेडचं चित्र सगळे आधी काढतात ती भिंती-धक्क्यासकट फक्त सहा आणे. घट ६ वरून ४ टक्क्यांवर आली तर दहा-अकरा आणे वाचतात, जे शेडच्या पूर्ण बोज्याहून जास्त आहेत. तेव्हा छप्पर स्वस्तातलं घ्यायचं असेल तर घ्या, पण धक्क्यावरची फरशी सपाट आणि भक्कम करा, म्हणजे सांडलेला कोळसा झाडून परत घेता येतो.

एक खड्डा चलनाचा. १८४५ ला रुपया सुमारे दोन शिलिंगांचा होता, एका पौंडाला दहा रुपये. पुढे चांदी घसरली आणि १८९९ ला पौंडाचे पंधरा रुपये ठरले. जहाजभाडं पौंडात आणि मजुरी रुपयात. वेगवेगळ्या दशकांतल्या वखारींची तुलना करताना हे दोन रकाने कधी एकत्र करू नका.

सातवी पायरी: हिशेबाची वही

ढिगाचं माप दर महिन्याला घ्या आणि वहीतल्या वजनाशी ताडून बघा. चोरी ओळखायची एक जुनी युक्ती आपल्याकडे रेल्वेच्या यार्डांत चालायची: ढिगाला वरून चुन्याची निवळी मारायची. कोणी रात्री दोन टोपल्या उचलल्या की पांढऱ्यात काळं भगदाड दिसतं. खर्च जवळपास शून्य. अंदाजपत्रकात ‘चुना’ म्हणून ओळ टाकली की तपासनीस हसतो, पण टाका.

वहीकडे दुर्लक्ष झालं की काय होतं ते एडनच्याच इतिहासात आहे. ज्या हेन्सने हे ठाणं घेतलं आणि पंधरा वर्षं सांभाळलं, त्याच्या खजिन्यात १८५४ मध्ये सुमारे २८,००० पौंडांची तूट निघाली. मुंबईत खटले झाले. अफरातफरीच्या आरोपातून तो सुटला, पण सरकारी देणं म्हणून मुंबईच्या तुरुंगात सहा वर्षं बसला आणि १८६० मध्ये सुटल्यावर थोड्याच दिवसांत गेला. त्याने पैसे खाल्ले असं कोर्टालाही म्हणता आलं नाही, फक्त हिशेब जुळत नव्हता.

कागद तपासायला कुठे जाल?

मुंबईत राहत असाल तर एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत महाराष्ट्र शासनाचं पुराभिलेखागार आहे. एडन मुंबईकडे असल्यामुळे तिथला बराच पत्रव्यवहार इथे आला. प्रत्यक्ष जागेचा अंदाज घ्यायचा तर रे रोड स्टेशनच्या पूर्वेला दारूखान्याकडे जा. कोल बंदर, लकडी बंदर ही नावं अजून तोंडात आहेत. भरती-ओहोटीच्या वेळी तिथे अर्धा तास उभं राहिलात तर पडाव दिवसातले किती तास कडेला लागू शकतो ते कळेल. तो आकडा घेऊन पाचव्या पायरीतले दहा तास दुरुस्त करा.

जुनी फाइल उघडली की दराच्या ओळीत एक शब्द आधी शोधा: दर ‘बोटीच्या कडेला’ आहे, ‘बोटीवर’ आहे की ‘ढिगावर’. एकाच वर्षाचे दोन दर जुळत नसतील तर बहुतेक वेळा फरक या एका शब्दाचा असतो, आणि तो बरोबर एका किंवा दोन हातांइतका निघतो.